वानराच्या तेराव्याची पंगत

दापोऱ्याच्या विजेच्या डीपीला चिकटून एक वानर मेलं आणि गावातल्या निम्म्या पुरुषांनी डोकी भादरून घेतली. वानराला अंघोळ घातली, शेंदूर लावला, झेंडूच्या माळा घालून तिरडीवर बसवलं आणि बँड लावून नदीपर्यंत नेलं. खांदा द्यायला अशी झुंबड उडाली की चार पावलं गेली नाहीत तोच खांदेकरी बदलावे लागत होते. हे सगळं गिरधरआबांनी आपल्या लेकीला, कोकिळाला, फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता त्यांचा गळा भरून आला.

कोकिळाचा गळा भरला नाही. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला तिचा भाऊ सुपडू आठवला. सुपडू केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला जायचा. एका हिवाळ्यात तो ताप घेऊन परतला, वर्षभरात वाळून काडी झाला, आणि त्याला एड्स आहे हे गावाला त्याच्याआधी कळलं. तो गेला तेव्हा दापोऱ्यातला एक माणूस खांद्याला आला नाही. कुणाची पाठ धरली होती, कुणाचं केळीला पाणी सोडायचं राहिलं होतं, कुणी सरळ दार लावून घेतलं. शेवटी आबा, कोकिळा आणि ट्रकवरचा क्लीनर अशा तिघांनी त्याला उचललं आणि केळीचे घड न्यायच्या ट्रॉलीत घालून घाटावर नेलं. बँड तर सोडाच, रडायलाही शेजारची बाई आली नव्हती.

तेव्हा कोकिळा गुराढोरांची डॉक्टर होण्याच्या शेवटच्या वर्षाला होती. म्हशींचे खूर आणि बकऱ्यांचे जंत यांत आयुष्य गेलं असतं तिचं, आणि सुखानं गेलं असतं. पण ती हट्टानं त्या रोगाच्या मागे लागली. माणसांवर इलाज करायचा परवाना तिच्याकडे नव्हता, म्हणून ती जनावरांच्या वाटेनं गेली. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत माकडांवर एड्सच्या लशीचे प्रयोग चालायचे; तिथल्या माकडांची देखभाल तिच्याकडे आली.

काम असं होतं. माकडांना नवी लस टोचायची. लस टोचली की शरीर प्रतिपिंडं तयार करतं, म्हणजे विषाणू आलाच तर त्याला दारातच धरणारी माणसं आधीपासून उभी करून ठेवतं. ती पुरेशी तयार झाली की त्याच माकडांना मुद्दाम रोग द्यायचा. त्यासाठी माकडांच्याच विषाणूला माणसाच्या एड्सच्या विषाणूचं टरफल चढवलेलं असे. मग रक्त काढत राहायचं आणि बघायचं, प्रतिपिंडं किती चढली आणि विषाणू किती उतरला. काही माकडं सुपडूसारखीच वाळत गेली. काहींनी रोगाला बऱ्यापैकी थोपवलं. एका माकडिणीनं मात्र कमाल केली. तिच्या रक्तातला विषाणू आधी चढला, मग उतरत उतरत दिसेनासा झाला. पुन्हा तपासलं, पुन्हा नाही. तिला नंबर होता, पण कोकिळा तिला सोनी म्हणायची. त्या दिवशी कोकिळा आनंदानं रडली, आणि रडता रडता सुपडूवर चिडली, की लेका, थोडा थांबला असतास.

पण प्रयोगाचा शेवट पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. हरलेलं माकडही मारायचं आणि जिंकलेलंही. रक्तातून गेलेला विषाणू शरीरात आणखी कुठं दडला आहे का, हे कापून बघितल्याशिवाय पुरतं कळत नाही. सोनी दुसऱ्या कुणाच्या हाताला शांत राहायची नाही, म्हणून शेवटचं इंजेक्शन कोकिळानंच दिलं. तिला त्याची लाज नव्हती. हे केल्याशिवाय लस होणार नाही हे तिला पटलेलं होतं. पण ते सोपं होतं असं कुणी म्हणालं तर तिनं त्याच्या तोंडात मारली असती.

गावात यातलं काहीच पोचलं नव्हतं. गावात पोचलं होतं ते आबांचं म्हणणं: आमची कोकिळा माकडांची डॉक्टर आहे, आजारी माकडं बरी करते. सुपडूनंतर आबांनी पारावर बसणं सोडलं होतं, ते या एका वाक्याच्या जोरावर पुन्हा जाऊन बसू लागले. कोकिळानं ते वाक्य कधी दुरुस्त केलं नाही. बापाची मान ज्यावर ताठ राहते ते कशाला पाडा, असं तिला वाटायचं.

आता त्याच वाक्याला फळ आलं होतं. वानराच्या तेराव्याला मोठा भंडारा होता, आणि मारुती मंडळाचे अध्यक्ष मधुकरआप्पा, म्हणजे गावातले केळीचे सगळ्यांत बडे व्यापारी, यांनी ठरवलं की त्या दिवशी माकडांच्या डॉक्टरीणबाईंचा सत्कार करायचा. कोकिळा साफ नाही म्हणणार होती. पण आबांनी पुढचं सांगितलं आणि नाही म्हणणं राहून गेलं.

"मी आप्पाले म्हटलं, पोरीले बोलावतो, पण माह्या सुनेलेही पंगतीत बसवा. आप्पा हो म्हणला, व पोरी. नऊ वर्षांत पहिल्यांदा."

आबांची सून म्हणजे सुपडूची बायको, मालू. सुपडूनं जाताना रोग तिला देऊन ठेवला होता. सुदैवानं तो गेला त्याच सुमारास सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळू लागल्या. त्या घ्यायला ती दर महिन्याला बुऱ्हाणपूरला जायची. आधी दवाखान्यात या रोगाची खोली निराळी असायची आणि तिच्यावरचा फलक साऱ्या रांगेला वाचता यायचा. मग एकत्रीकरणाची वर्षं आली. क्षयाची, बाळंतिणींची, एड्सची, सगळी तपासणी एका ओळीत आली आणि मालू पदर न ओढता बाकावर बसू लागली. गोळ्यांनी ती चांगली सुधारली होती, रक्तात विषाणू सापडत नव्हता, बागेत दोन माणसांचं काम एकटी ओढायची. पण दवाखान्यातलं एकत्रीकरण दापोऱ्याच्या वेशीवरच अडलं. लग्न असो, बारसं असो, भंडारा असो, नऊ वर्षांत तिला कुणी पानावर बोलावलं नव्हतं. हापशीवर ती सगळ्यांचं पाणी भरून झाल्यावर जायची. आबांनीही तिला बागेतली खोली दिली होती, तिच्याच भल्यासाठी असं म्हणून. त्यावरून कोकिळा त्यांच्याशी दोन वर्षं भांडली आणि मग थकली.

म्हणून ती आली. बुऱ्हाणपूरला गाडीतून उतरली, रिक्षानं दापोऱ्याला पोचली आणि आधी बागेतल्या खोलीवर गेली. मालू केस विंचरत होती. तिनं सुपडूच्या वेळची हिरवी साडी काढली होती. तिच्यावर इस्त्रीची घडी अशी पडली होती की ती अजून लग्नातच आहे असं वाटावं. कोकिळानं विचारलं, वहिनी, भीती वाटते का? मालू म्हणाली की भीती कशाची, पण पंगतीत हात कुठं ठेवायचे ते विसरायला झालंय. मग दोघी हसल्या. मालूला एवढं हसताना कोकिळानं लग्नानंतर पाहिलं नव्हतं, आणि तिनं तिथंच मनाशी ठरवलं की आज काहीही होवो, आपण तोंडात मिठाची गुळणी धरायची. आज वहिनी ओळीत बसून जेवली की पुढं तिला उठवणं कुणाला जमणार नाही.

सत्कार मारुतीच्या पारावर झाला. मेलेल्या वानराचा फोटो हार घालून खुर्चीवर ठेवला होता. भादरलेली डोकी उन्हात चकाकत होती. आप्पांनी मोठं भाषण केलं. मारुतीरायाच्या वंशाची सेवा आपल्या दापोऱ्याची लेक करते, दूरदेशी मुक्या जिवांना वाचवते, तिचे हात म्हणजे पुण्याचे हात, असं म्हणून त्यांनी शाल पांघरली आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणाले. कोकिळा उभी राहिली. मी माकडांची काळजी घेते, एवढं म्हणाली आणि बसली. टाळ्या वाजल्या. आबांनी डोळे पुसले. कोकिळानं वहिनीकडे बघितलं आणि गिळून टाकलं सगळं.

मग पानं मांडली. दापोऱ्यात पत्रावळी विकत कुणी आणत नाही. बागेतून केळीची पानं आली. पुरुषांची ओळ पाराच्या या बाजूला, बायकांची त्या बाजूला, आणि सत्कारमूर्ती म्हणून कोकिळाचं पहिलं पान वर पारावर. वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी, बुंदी. बायकांच्या ओळीचं वाढप मथुराबाईकडे होतं. गावातल्या कोणत्याही कार्यात पळी तिच्याच हातात असते आणि कुणी कुठं बसायचं हेही तीच ठरवते. तिनं मालूला हाक मारून बसवलं. खरंच बसवलं, बायकांच्याच ओळीत. फक्त ओळ जिथं संपत होती तिथं दोन पानांची जागा मोकळी सोडली आणि तिच्या पलीकडे मालूचं पान मांडलं.

त्या मोकळ्या जागेवर कोकिळाची नजर पडली आणि सकाळी ठरवलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडालं. तिनं मथुराबाईला विचारलं. मथुराबाई म्हणाली, ओळीतच तर आहे, अजून काय पाहिजे. कोकिळा आबांकडे गेली. आबा हळू आवाजात म्हणाले की बसली ना, झालं तर मग, आज एवढं पुरे, उगा ताणू नको. आप्पांचं कार्य आहे. तिकडे मालू दोन्ही हात मांडीवर ठेवून पानाकडे बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती खूश दिसत होती, आणि कोकिळाला नेमकं तेच सहन झालं नाही.

कोकिळाचा स्वभाव पहिल्यापासून असाच. एकदा पेटली की पुढचं-मागचं बघायची नाही, आणि आपण खरं बोलतोय म्हटल्यावर त्या खऱ्याचं कोण काय करील हा विचार तिला शिवायचा नाही. ती पारावर चढली. माईक अजून चालू होता.

"आप्पा, तुम्ही या हातांना पुण्याचे हात म्हणालात," ती म्हणाली. "या हातांनी मी माकडं मारलीत. आजारी माकडं माझ्याकडे येत नाहीत. धडधाकट माकडांना आम्ही लस देतो, मग तोच रोग देतो ज्यानं सुपडूदादा गेला, आणि शेवटी सगळ्यांना मारतो. एक तर त्यातून तरली होती. तिच्या रक्तात विषाणू दिसेनासा झाला होता. तिलाही मीच मारलं. कापून बघितलं तर तो आत गाठींमध्ये दडून बसलेला होता. हे माझं काम आहे. मला पहिल्या पानावर बसवता आणि माझ्या वहिनीला दोन पानं सोडून बसवता. काढा ही शाल."

आबांनी मान खाली घातली ती वर करेनात. कोकिळाला वाटलं, आता शिव्या येतील, कुणी धावून येईल. येऊ दे म्हणाली मनात. निदान आज यांना कळेल की आपण कुणाला डोक्यावर घेतलं आणि कुणाला दूर बसवलं.

आप्पांनी थोडा वेळ विचार केला. मग विचारलं, "काळ्या तोंडाचे का लाल तोंडाचे?"

"काय?"

"तुह्याकडचे माकडं. काळ्या तोंडाचे का लाल?"

"लाल," कोकिळा म्हणाली.

आप्पांनी श्वास सोडला. त्यांच्यामागोमाग सगळ्या पुरुषांच्या ओळीनं सोडला. लाल तोंडाची म्हणजे मदाऱ्याची माकडं, वानरं नव्हेत, त्यांचं मारुतीरायाशी काही नातं नाही, असं आप्पांनी समजावून सांगितलं. कुणीतरी म्हणालं, ती लाल तोंडाची स्टेशनवर हातातले डबे ओढून नेतात, मेली तर बरंच. हशा पिकला. आप्पा म्हणाले, शिवाय माणसांच्या औषधासाठीच करते ना पोरगी, मतलब देशाचंच काम आहे, आणि त्यांनी तिच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट करून दिली. आबांची मान वर आली. ते चक्क हसत होते.

कोकिळा तशीच उभी राहिली. आयुष्यातलं सगळ्यांत जड वाक्य तिनं गावाच्या अंगावर फेकलं होतं आणि गावानं ते अंगावरच्या माशीसारखं उडवून लावलं होतं. माकडं मारण्याची माफी इतकी स्वस्त असते हे तिला ठाऊक नव्हतं. ती खाली उतरणार, एवढ्यात बायकांच्या बाजूनं मथुराबाई बोलली. पळी हातात तशीच होती.

"पण काय म्हणली व तू? रक्तात दिसत नव्हतं, अन् आत होतं?"

कोकिळाला उशिरा कळलं की आपण काय बोलून बसलो. तिनं घाईघाईनं सांगायला सुरुवात केली. गोळ्या चालू असल्या की आतला विषाणू आतच राहतो. जेवणातून, पाण्यातून, शिवण्यातून तो पसरत नाही. शेजारी बसून तर मुळीच नाही, हे जगभर सिद्ध झालेलं आहे. तिनं चांगलं सांगितलं, मुलांना शिकवावं तसं सोपं करून सांगितलं. पण मथुराबाईचा प्रश्न एवढाच होता की मालूच्या आत तो आहे की नाही. नाही असं कोकिळाला म्हणता येईना. "असतो, पण" अशी सुरुवात तिनं केली, आणि "असतो"च्या पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही.

मालूच्या बाजूच्या दोन-तीन बायका आपापली पानं आणखी दूर सरकवू लागल्या. मथुराबाईनं आवाज चढवला नाही. उलट जरा मायेनंच म्हणाली, "मालू, तू तिकडं हापशीपाशी बस बरं. मोकळं पडेल तुले."

मालू उठली. वरण सांडू नये म्हणून तिनं पान दोन्ही बाजूंनी उचलून धरलं आणि हिरव्या साडीचा ओचा सांभाळत हापशीपाशी गेली. कुणी तिला मदत केली नाही. ती हापशीच्या ओट्याकडे तोंड करून बसली, म्हणजे पाठ पंगतीकडे आली.

कोकिळा तिच्यामागे गेली आणि शेजारी मातीत बसायला लागली. मालूनं तिचा दंड धरून तिला थांबवलं.

"तुम्ही तिकडं बसा, ताई."

कोकिळा म्हणाली की आता मी इथंच जेवणार, बघू कोण काय करतं.

"तुम्ही उद्याच्या गाडीनं जासान," मालू म्हणाली. "मले आठीच, याच गावात, ऱ्हायचं आहे. तुम्ही आठी बसल्या तर म्हणतील, मीच शिकवलं तुम्हाले." तिनं पानाची कड सरळ केली. मग पानाकडेच बघत म्हणाली, "दोनच पानांची जागा होती, ताई. ओळीत होती मी. पुढच्या भंडाऱ्याले एकाच पानाची ऱ्हायली असती."

कोकिळानं गुडघ्याची माती झटकली. ती परत आली. पारावर आप्पांच्या आणि आबांच्या मध्ये तिचं पान मांडलेलं होतं, पहिलं पान. आबांनी सरकून जागा केली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हापशीकडे त्यांनी बघितलं नाही. आप्पांनी स्वतः तिच्या बट्टीवर तुपाची धार धरली.

पंगतीत सत्कारमूर्तीनं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. सगळं गाव हात आवरून तिच्याकडे बघत होतं. तिकडे हापशीपाशी मालूही थांबली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण तिचा हात पानाशेजारी तसाच होता. तिची गोळी जेवणानंतरची होती आणि तिची वेळ टळत चालली होती. कोकिळानं बट्टी फोडली, वरणात बुडवली आणि घास तोंडात घातला. मारुतीरायाचा जयजयकार झाला. एकदम सगळे हात पानांवर आले. मालूही जेवू लागली.

"वांग्याची भाजी चांगली झाली ना, व?" आबांनी विचारलं.

चांगली झाली, असं कोकिळा म्हणाली आणि जेवत राहिली.